बंधाऱ्यावरचं हळदीकुंकू

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही भावंडं सांभाळत. पहिली वेलांटी कुठं, दुसरी कुठं, हे तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. लिहिताना अक्षर ओळीवरून खाली घसरत जातं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणार कुणी नाही म्हणा, ही वही मी पिठाच्या डब्यामागं ठेवते. पण सर म्हणायचे, कुणीतरी वाचणार आहे असं धरून लिहावं, म्हणजे खोटं लिहिलं जात नाही.

वही त्यांचीच आहे. पुढची अर्धी भरलेली, बहुतेक त्यांच्याच अक्षरानं, मागची कोरी. ती माझ्याकडे कशी आली ते ओघानं येईल.

सरांचं नाव दानियल साळवे. समोर सगळे साळवे सर म्हणायचे आणि पाठीमागं पाखरू मास्तर. ते आमच्या शेजारच्या वस्तीवरचे ख्रिश्चन. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. बायको वारलेली, एक मुलगी पुण्याला. त्यांनी किती शाळा केल्या, किती पोरं शिकवली, मला ठाऊक नाही. मला फक्त रविवारचे सर ठाऊक आहेत.

आमचं गाव राहुरीच्या खालच्या अंगाला, मुळा नदीच्या काठी. पावसाळा सरला की बंधाऱ्याला फळ्या टाकतात. मग पाणी मागं तुंबतं आणि दोन्ही काठांच्या सखल जमिनीवर पसरतं. कुठं गुडघाभर, कुठं नुसता चिखल. त्यात लव्हाळं आणि पाणकणसं माजतात, आणि दिवाळीनंतर पाखरं उतरतात. बंधाऱ्यापासून वरच्या तीन चिंचांपर्यंत काठानं वाट आहे. अगदी सपाट, चपलेनं चालता येईल अशी. एकटी गेले तर अर्ध्या तासात मी चिंचेखाली पोहोचते. सरांबरोबर तीन तास लागायचे.

नगरहून, राहुरीहून माणसं यायची. बँकेतली, कॉलेजातली, कधी कुणाचं सगळं घर. सर त्यांना बंधाऱ्यावर घ्यायचे आणि चिंचांपर्यंत न्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. पण माणसांना भूक लागायची. एका रविवारी मी तिथं शेळ्या चारत होते, तेव्हा सरांनी विचारलं, "बाई, पिठलंभाकरी कराल का इथे? माणशी पैसे देतील." माझा नवरा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी मान हलवली. तोंडानं हो म्हणायलाही मला पुढचे चार रविवार लागले. बंधाऱ्यापाशी तीन दगडांची चूल मांडली, आणि दर रविवारी पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा असं सुरू झालं; जेवण मी पाटीतून चिंचेखाली न्यायचे.

सरांच्या अंगात मातकट शर्ट असायचा, दोन्ही बाजूंना मोठे खिसे. डाव्या खिशात मूठभर ज्वारी. पाखरांचा थवा दिसला की ते दहा-दहानं मोजायचे, आणि दर दहाला एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचे. ओठ हलायचे नाहीत, नुसती बोटं हलायची. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा उगाच खिसे चाचपतोय. चिंचेखाली आल्यावर उजव्या खिशातले दाणे तळहातावर घेऊन मोजायचे आणि वहीत लिहायचे. मग तेच दाणे चिमण्यांना टाकून द्यायचे. "हिशेब झाला, आता पोटाचं बघा," असं चिमण्यांना म्हणायचे.

बोटानं पाखरू दाखवलेलं त्यांना चालायचं नाही. "बोट बंदुकीसारखं दिसतं त्यांना," म्हणायचे. लाल-पिवळे कपडे घालून कुणी आला, तर पिशवीतून एक जुनी तपकिरी शाल काढून त्याला पांघरायला लावायचे. ती शाल पांघरून नगरचे एक लठ्ठ साहेब एकदा तीन तास चालले. जेवताना म्हणाले, "सर, घामानं मेलो." सर म्हणाले, "पण शराटी उडाला नाही." शराटी म्हणजे वाकड्या चोचीचा तो मोठा पक्षी. त्या दिवशी तो आमच्यापासून वीस पावलांवर चिखल चाळत होता.

कुणी घाई केली की त्यांचं एक ठरलेलं होतं, "घाई कुणाला आहे? पाखराला नाही. मला नाही." भाकरी मोडायच्या आधी क्षणभर डोळे मिटायचे. मग पहिला घास खाऊन दर वेळी मला सांगायचे, "आज मीठ बरोबर." मीठ कमी पडलं तेव्हाही हेच सांगायचे. ते मला मागाहून कळलं.

आता हळदीकुंकवाचं सांगते.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. शनिवारी सर गिरणीवर दळण घेऊन गेले होते, तिथं मंदावहिनी भेटली. मंदावहिनी माझी शेजारीण. तिचा आवाज बंधाऱ्यापर्यंत जातो. सर तिला म्हणाले, "उद्या सकाळी बंधाऱ्यावर या. हळदीकुंकू आहेत. वीस-पंचवीस तरी आहेत. गावातल्या बायकांनी कधी बघितलेच नाहीत. सगळ्यांना घेऊन या."

मंदावहिनीनं घरोघर सांगितलं, "पाखरू मास्तरानं हळदीकुंकू ठेवलंय बंधाऱ्यावर. ख्रिश्चन असून बघा कसा माणूस हाय!"

रविवारी सकाळी पंधरा-सोळा बायका आल्या. काठापदराची लुगडी, गजरे, हातात वाणाची ताटं. कुणी सुगडं आणलेलं, कुणी तिळगूळ. बांगड्यांचा आवाज वाटेवरून आमच्यापर्यंत येत होता. सर दुर्बीण लावून बसले होते. त्यांनी मागं वळून बघितलं, आणि त्याच वेळी समोरचा सगळा थवा फडफड करत उठला आणि पलीकडच्या काठावर गेला.

मंदावहिनीनं इकडं तिकडं बघितलं. "सर, बाकीच्या बाया कुठं हायत?"

"कुठल्या बाया?"

"अवो वीस-पंचवीस म्हणला न्हवं का तुमी!"

सर उभेच राहिले. त्यांना उलगडायला वेळ लागला. मग हळूच म्हणाले, "बदकं होती ती. हळदीकुंकू बदक. नावच आहे त्याचं."

मग मंदावहिनी म्हणाली, "आन् वाण काय, अंडी देनार व्हता का?" आणि सगळ्या बायका अशा हसल्या, की पलीकडच्या काठावरचीही पाखरं उडाली.

दुसरा कुणी असता तर ओशाळून घरी गेला असता. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी. पण आलाच आहात तर बसा. अर्धा तास गप्प बसलात तर परत येतील."

आमच्या गावच्या बायका आणि अर्धा तास गप्प! पण बसल्या. ताटं मांडीवर घेऊन, पदर तोंडाला लावून. कुणाला खोकला आला की मंदावहिनी डोळे वटारायची. आणि बदकं खरंच आली. आधी दोन, मग पाच, मग सगळी, पाण्यावर घसरत.

सरांनी रांग लावली. एकेकीच्या हातात दुर्बीण दिली. "चोच बघा. काळी आहे. टोकाला काय?"

"पिवळं," पहिली म्हणाली.

"आणि वर, कपाळापाशी?"

"अगं बया! तांबडं! दोन ठिपकं!"

"टोकाला हळद, मुळाशी कुंकू. म्हणून हळदीकुंकू."

मी मागं चुलीपाशी होते. हळदीकुंकवाला मला कुणी बोलावत नाही आणि मी जातही नाही. ते अंगवळणी पडलं आहे, त्याचं मला काही वाटत नव्हतं. सगळ्यांचं बघून झालं तेव्हा सर मागं वळले. "सुमनबाई, या."

कुणी तरी चुळबुळलं. मंदावहिनी हळू आवाजात म्हणाली, "सर, ती नगं. तिला..." पुढचं तिनं गिळलं.

सर मास्तरासारखे म्हणाले, "जे हजर आहेत, त्या सगळ्यांचा नंबर लागतो."

मी पदराला हात पुसून गेले. दुर्बीण जड होती. आधी नुसतं पांढुरकं दिसलं, मग हिरवं, मग एकदम एक बदक डोळ्यासमोर आलं, इतकं जवळ की मी मागं सरले. पिवळं टोक. तांबडे ठिपके. डोळ्यावरून काळी रेघ. त्याच्या पाठीवरून पाण्याचा थेंब घरंगळला तोही दिसला. माझ्या हातून भाकरी करपली तरी मी हलले नाही. त्या दिवशी बायकांनी वाणाची ताटं तशीच घरी नेली, पण तिळगूळ तिथंच वाटला. सरांनी मुठीत घेतला आणि म्हणाले, "गोड बोलतोच मी, आता स्पष्ट बोलायला शिकतो."

त्यानंतर माणसं जेवायला बसली की सर मला दुर्बीण द्यायचे. "पाच मिनिटं. तुमची पाळी." दर वेळी सांगायचे, "पट्टा गळ्यात घाला."

मी घालत नव्हते. का, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आज लिहिते. नवरा गेल्यापासून माझ्या गळ्यात काही नव्हतं. चार माणसांदेखत गळ्यात काही घालायचं म्हटलं की हात वर जायचाच नाही. पट्टा मनगटाला गुंडाळायचे आणि म्हणायचे, "असंच बरं हाय."

तिसऱ्या की चौथ्या रविवारी माणसं चालायला निघायच्या आधीच मला पाळी मिळाली, आणि मी बंधाऱ्याच्या भिंतीवर उभी राहून टिबुकली बघत होते. मुठीएवढं पाखरू, डुबकी मारली की भलतीकडंच वर येतं. ते कुठं निघतंय हे बघायला मी वाकले, मनगटावरचा वेढा सुटला आणि दुर्बीण पाण्यात गेली. आवाजही मोठा झाला नाही. तिथं दोन पुरुष पाणी आणि खाली गाळ. कुणीतरी उतरायला निघालं तर सरांनी अडवलं. उन्हाळ्यात फळ्या काढल्या तेव्हा लोकांनी गाळ चाळला, पण मिळाली नाही.

मी विचारलं, "सर, केवढ्याची हुती?"

ते लगेच म्हणाले, "चार हजार दोनशे."

"मी फेडीन."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "बरं. फेडा. जमेल तसे."

गावात बोललं गेलं. मंदावहिनी गिरणीवर म्हणाली, "एवढी पेन्शन खातो आन् रांडमुंड बाईकडनं पैसं घेतो!" मला मात्र बरं वाटलं होतं. ते नको म्हणाले असते, तर मी पुन्हा बंधाऱ्यावर तोंड दाखवलं नसतं. मनाशी एक ठरवलं होतं, पैसे फिटेपर्यंत त्यांच्या दुर्बिणीला हात लावायचा नाही. सरांकडं दुसरी एक होती, जुनी, पट्टा सुतळीनं सांधलेली. ती त्यांनी काढली. पाच मिनिटांची पाळी पुन्हा देऊ केली. मी म्हणाले, "न्हाई सर. फिटल्याबिगर न्हाई." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दर रविवारी शंभर रुपये. कुणी आलं नाही त्या रविवारी काही नाही. पाखरं होळीपर्यंतच, माणसंही होळीपर्यंतच, त्यामुळं पुढचा सगळा हिवाळाही त्यातच गेला.

त्या हिवाळ्यात एकदा धुकं होतं. नगरची आठ माणसं जेवली. पैसे सरच गोळा करून मला द्यायचे. घरी येऊन बघते तर दहा ताटांचे. मला वाटलं चुकले असतील. पुढच्या रविवारी सहा जेवले आणि आठांचे आले. तेव्हा मला कळलं.

मी आयुष्यात कुणाला उलटून बोलले नव्हते. पण त्या दिवशी नोटा घेऊन चिंचेखाली गेले. माणसं हात धूत होती. मी म्हणाले, "सर, पाखरं मोजताना तुमी कवा जास्ती धरता का?"

"नाही."

"उडून गेलेलं धरता?"

"नाही."

"मग ताटं बी मोजून द्या."

सरांनी हात पुढं केला, जास्तीचे पैसे घेतले, खिशात टाकले. त्यांच्यातल्या, बँकेत काम करणाऱ्या एक बाई हसल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. मोजणी म्हणजे मोजणी." त्या दिवसापासून ताटांनाही ते ज्वारीचे दाणे लावायचे, एका ताटाला एक, आणि मला दाखवायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात ते म्हणायला लागले, "ही दुर्बीण धुरकट झाली. काचेला बुरशी धरली असणार." दर थोड्या वेळानं रुमालानं पुसायचे. एकदा बँकेतल्या बाईंनी ती मागून घेतली आणि म्हणाल्या, "सर, आरशासारखी स्वच्छ आहे की!"

सरांनी दुर्बीण परत घेतली आणि तरीही काच पुसली. मी चुलीशी वाकले होते, फुंकर तोंडातच राहिली.

पुढच्या रविवारी कुणी आलं नव्हतं. आम्ही दोघंच. ते दगडावर बसले होते, मी पाच हात लांब. म्हणाले, "सुमनबाई, समोर काय आहे?"

"पाणी."

"पाण्यावर?"

"काळं काळं."

"चौथीत असं उत्तर दिलं असतं तर उभं केलं असतं मी. किती? कसं बसलंय? मान लांब का आखूड?"

मी सांगायला लागले. मान लांब, पंख पसरून वाळत घातलेत. "पाणकावळा. किती?" सात. पलीकडं तांबड्या काटक्यांवर उभी राहिल्यासारखी पाखरं. "शेकाट्या. दहा झाले की बोला." मी दहा म्हणाले की त्यांच्या डाव्या खिशातला दाणा उजव्या खिशात जायचा. माझ्या शब्दावर. मला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, पण त्यांना दिसत नाही म्हटल्यावर बोलणं भाग होतं. चिंचेपर्यंत मी त्या दिवशी जेवढी बोलले, तेवढी सासरी आल्यापासून बोलले नव्हते.

त्यांनी विचारलं, "दुर्बीण घेता? लांबचं सांगता येईल."

"अजून फिटलं न्हाई, सर."

"बरोबर. मग नुसत्या डोळ्यांवर भागवू."

वहीत मात्र तेच लिहायचे. ओळी एकमेकींवर चढायला लागल्या होत्या. मग एक दिवस त्यांनी पेन माझ्याकडं दिलं. मी म्हणाले, "मला ऱ्हस्वदीर्घ येत न्हाई." ते म्हणाले, "पाखरांनाही येत नाही."

डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, ऑपरेशननं नजर येणार नाही. होळीनंतर मुलगी पुण्याला न्यायला येणार असं ठरलं. माझे तीनशे राहिले होते आणि एकच रविवार. पुण्याला पाठवता आले असते, असं कुणी म्हणेल. पण मला ते त्यांच्या हातात, त्या काठावर द्यायचे होते. देणं ठेवून ते गेले, तर ती वाट मी पुन्हा कशी चालणार? आणि त्या रविवारी परीक्षांमुळं नगरचं कुणी येणार नव्हतं. मी मंदावहिनीकडं कोंबडी विकायला नेली. तिनं विचारलं, "कशाला इकती?" मी सांगितलं. ती म्हणाली, "घरी ने तुजी कोंबडी," आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं.

रविवारी सकाळी मी चूल पेटवत होते. वाटेवर माणसं दिसली. मंदावहिनी आणि तिच्यामागं अकरा बायका. पण बांगड्यांचा आवाज नव्हता. सगळ्या जणी जुन्या, मातकट, धुवून विटलेल्या लुगड्यांत. एकीपाशी लाल लुगडंच होतं, तिनं वरून पोतं पांघरलं होतं.

"बारा ताटं लाव," मंदावहिनी म्हणाली. "पैसं देऊन. आमी काय फुकट जेवनार व्हय? आन् तुज्यासाठी न्हाई आलो, मास्तरला पोचवायला आलोय."

सर मुलीचा हात धरून आले. सगळ्या जणी वाटेनं चालल्या, हळू, सरांच्या चालीनं. बोट कुणी दाखवलं नाही. चिंचेखाली जेवल्या. सर म्हणाले, "आज मीठ बरोबर." माणशी चाळीस प्रमाणं पैसे मंदावहिनीनं गोळा करून माझ्या हातावर ठेवले. त्यातले तीनशे मी सरांच्या हातात दिले.

त्यांनी मोजले नाहीत. "मोजून देणारी बाई आहे," मुलीला म्हणाले. मग गळ्यातली जुनी दुर्बीण काढून माझ्यापुढं धरली. "आता?"

मी घेतली. पट्टा सुतळीनं सांधलेला. बारा बायका बघत होत्या. मी पदर सावरला आणि पट्टा गळ्यात घातला. मंदावहिनीनं फक्त माझ्या मानेवर अडकलेली सुतळी सोडवून नीट केली.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं.

"हळदीकुंकू हायत, सर."

"कुंकू आहे का जागेवर?"

"हाय. टोकाला हळद बी हाय. दहा." एक दाणा. "वीस." दुसरा दाणा. "आन् वर तीन."

त्यांनी वही आणि पेन माझ्याकडं दिलं आणि सांगितलं तसं मी लिहिलं. वाचून दाखवलं. खाली त्यांनी सही केली. सही ओळीवरून खाली घसरली, माझ्या अक्षरासारखी. दुर्बीण परत घेतली नाही आणि वहीही. "अर्धी कोरी आहे," एवढंच म्हणाले.

मग मुलगी त्यांना घेऊन निघाली. मी भांडी घेऊन बरीच मागून येत होते, तेव्हा बंधाऱ्यापाशी ते थांबलेले दिसले. मी दुर्बीण लावली. त्यांनी उजव्या खिशातले दाणे तळहातावर घेतले, अंगठ्यानं चाचपून मोजले आणि चिमण्यांसाठी भिंतीवर टाकले. चिमण्या आल्या की नाही, ते त्यांना दिसत नव्हतं. ते कान देऊन उभे राहिले. चिमण्या आल्या, तेव्हा हलले.

वहीतली त्या दिवसाची ओळ माझ्या अक्षरात अशी आहे: हळदीकुंकु तेवीस. टिबूकल्या नऊ. पाणकावळे चार. सुमनबाई, पैसे पुर्ण फीटले.